टू-बीएचके रॅपर आणि खरेपणाचा हिशेब

प्रश्न: दादा, मी नाशिकचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील बँकेत. दोन वर्षं मराठीत रॅप लिहितोय, चार गाणी यूट्यूबवर टाकली. खाली कमेंट येतात, 'फेक', 'टू-बीएचके रॅपर', 'स्ट्रगल काय बघितलाय याने'. रॅप करायला वस्तीतूनच यावं लागतं का? माझे हुक, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ, एक मित्र लिहितो, सूर सरळ करायला ऑटोट्यून वापरतो, कधी अडलं तर एआयला विचारतो. हे सगळं खोटं धरायचं का? आजच्या संगीतात खरेपणा म्हणजे नक्की काय?

उत्तर: 'टू-बीएचके' म्हणून हिणवणाऱ्यांपैकी निम्मे स्वतः टू-बीएचकेतल्या गादीवर लोळत टाइप करत असतात, ते सोड. पण प्रश्न खरा आहे आणि तो फक्त रॅपलाच का छळतो, तिथून सुरुवात करू.

आपण सिनेसंगीतावर वाढलेली माणसं. पडद्यावर एकीचे ओठ हलतात, आवाज दुसरीचा, शब्द तिसऱ्याचे, चाल चौथ्याची, आणि यात फसवणूक आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. कारण कुणी काय केलं ते उघड असतं. ते उघड व्हायलाही वेळ लागलाच. १९४९ च्या 'महल'मधलं 'आएगा आनेवाला' रेकॉर्डवर आलं तेव्हा गायिका म्हणून 'कामिनी' असं छापलं होतं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! गाणारी लता मंगेशकर. लोकांनी विचारलं तेव्हा नाव बाहेर आलं. याउलट मिली व्हॅनिली ही पॉप जोडी बघ. १९९० मध्ये दोन देखण्या पोरांना ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी ते काढूनही घेतलं, कारण रेकॉर्डवर आवाज दुसऱ्याच गायकांचे होते. त्यांचा निर्माता फ्रँक फारियन. याच माणसाने त्याआधी बोनी एममध्ये पुरुषाचा आवाज स्टुडिओत स्वतः गायला होता आणि स्टेजवर बॉबी फॅरेल त्यावर नाचायचा. आपल्याकडची एक अख्खी पिढी गॅदरिंगमध्ये बोनी एमवर नाचली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. तेव्हा आवाज उसना घेण्यात पाप नाही. उसना घेऊन त्यावर स्वतःचं नाव टाकलं की भांडण सुरू होतं.

आता रॅप. भावगीतातला 'मी' कुणीही असू शकतो, गाणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला खरंच सोडून गेली का. रॅपमधला 'मी' म्हणजे माइक हातात असलेला माणूस, असं ऐकणारा धरून चालतो. हा करार कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडल्याची पहिली मोठी तक्रार रॅपच्या पहिल्या मोठ्या हिटइतकीच जुनी आहे.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १९७३ पासून कूल हर्कसारख्या डीजेंच्या पार्ट्यांमधून हे सगळं उभं राहिलं. सहा वर्षं ते तिथेच, त्याच गल्ल्यांत, पार्ट्यांत आणि कॅसेटवर होतं. १९७९ मध्ये नदीपलीकडच्या न्यू जर्सीत सिल्व्हिया रॉबिन्सन या निर्मातीने तीन पोरं गोळा करून शुगरहिल गँग उभी केली. त्यातला एक बिग बँक हँक, पिझ्झाच्या दुकानात काम करणारा. तो ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझचं मॅनेजरपण बघायचा. रेकॉर्डिंगला बोलावलं तेव्हा स्वतःच्या ओळी नव्हत्या, म्हणून हँकने कॅझची वही मागून नेली आणि त्यातलं जसंच्या तसं म्हटलं. किती जसंच्या तसं? कॅझचं आधीचं नाव कॅसानोव्हा फ्लाय, आणि वहीत त्याने ते एकेक अक्षर सुटं करून स्वतःची ओळख करून दिली होती. हँकने तेही तसंच म्हटलं! 'रॅपर्स डिलाइट' जगभर गाजलं, आणि त्यात एक माणूस दुसऱ्याच्या नावाची अक्षरं स्वतःची म्हणून सांगतोय. कॅझला ना श्रेय मिळालं, ना पैसा. त्या गाण्याखालचं संगीत शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'वरून घेतलं होतं. त्यांनी कोर्टाची भाषा केल्यावर त्यांची नावं लागली. वहीवाल्याकडे वकील नव्हता.

रॅपवाले ओळीच्या मालकीबद्दल एवढे हळवे का, ते इथे कळतं. आणि बघ, कॅझ कुठल्या वस्तीतला, हँक कुठल्या, हा मुद्दाच नव्हता. दोघंही ब्रॉन्क्सचेच.

मग पत्त्याचं काय? इथे मामला मजेदार होतो. रस्त्यावरच्या हलाखीचं सर्वांत खरं गाणं म्हणून आजही १९८२ च्या 'द मेसेज'कडे बोट दाखवतात. रेकॉर्डवर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह. प्रत्यक्षात गाण्यातलं संगीत फ्लॅशचं नाहीच. गाण्याचा मोठा भाग लिहिला एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटीने. हा सिल्व्हियाच्याच शुगर हिल रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओतला तालवादक, कॉलेजातून पदवी घेतलेला, राहणार न्यू जर्सी. पुढे तो कॉलेजात शिकवायचा. गाणं बहुतेक त्याच्या आईच्या घरी सुचलं. ग्रुपमधला मेली मेल तेवढा गाण्यात रॅप करतो, त्याने आपलं कडवं जोडलं. बाकीच्यांना हे गाणं करायचंच नव्हतं. पार्टीला आलेल्या लोकांना कुणी रडगाणं ऐकवतं का, असं त्यांचं म्हणणं. ज्यांचा पत्ता 'खरा', ते नको म्हणत होते आणि शिकलेला स्टुडिओवाला लिहीत होता. गाणं खोटं ठरलं का? अजिबात नाही. फ्लेचर आजूबाजूचं बघत होता, ऐकत होता आणि त्याला नेमकं लिहिता येत होतं.

त्यामुळे तुला कुणी स्ट्रगलचा दाखला मागितला तर ही यादी दे. रन-डीएमसी क्वीन्समधल्या हॉलिसचे, नीटनेटक्या घरांच्या वस्तीतले. पब्लिक एनिमीचा चक डी लाँग आयलंडचा, विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकलेला. डे ला सोल, तेही लाँग आयलंडच्या उपनगरातले. कान्ये वेस्टची आई इंग्रजीची प्राध्यापक, आणि त्याने पहिल्या अल्बमचं नावच कॉलेज सोडण्यावरून ठेवलं. यांच्यातल्या कुणीही आपण झोपडीतून आलो असं सांगितलं नाही. व्हॅनिला आइसने सांगितलं. त्याच्या प्रसिद्धीच्या मजकुरात मायामीच्या रस्त्यांवरचं आयुष्य होतं, आणि १९९० मध्ये वर्तमानपत्राने काढलं की पोरगा बराचसा डॅलसच्या उपनगरात वाढलाय. 'आइस आइस बेबी' त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं होतं. पुढे त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. माहीत नसेल, तर तेच उत्तर समज.

पण सगळे असे आपटत नाहीत, हेही सांगतो, नाहीतर तुला वाटेल जगात न्याय आहे. रॅपर रिक रॉस ड्रगच्या साम्राज्याची गाणी गातो, नावही एका खऱ्या ड्रगवाल्याचं घेतलेलं. २००८ मध्ये बाहेर आलं की नव्वदच्या दशकात हा फ्लोरिडात तुरुंगाचा गार्ड होता. आधी त्याने नाकारलं. पुढच्याच वर्षी त्याचा अल्बम पहिल्या नंबरवर आला. खऱ्या रिक रॉसने नाव चोरल्याचा दावा लावला, तर कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने २०१३ मध्ये रॅपरच्या बाजूने निकाल दिला: त्याने कच्च्या मालातून एक नवं कलात्मक पात्र उभं केलंय. एका रॅपरला याहून मोठी शिवी कोर्टाने दिली नसेल, आणि तरी तो केस जिंकला! श्रोत्यांनीही मनातल्या मनात तोच निकाल दिला. सिनेमासारखं ऐकायचं, संपलं.

ही तडजोड किती महाग पडते ते दुसऱ्या टोकाला दिसतं. 'आम्ही जगतो तेच गातो' ही रॅपची जाहिरात सरकारी वकिलांनीही ऐकली. अटलांटात यंग थग या रॅपरवर २०२२ मध्ये टोळीचा खटला उभा राहिला. सरकार पक्षाने त्याच्या गाण्यांतल्या ओळी पुरावा म्हणून आणल्या आणि २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्यातल्या १७ उताऱ्यांना सशर्त परवानगी दिली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाने उलटा कायदा केला, गाण्याच्या ओळी कोर्टात सहजासहजी आणता येऊ नयेत म्हणून. म्हणजे तू फुशारकीत लिहिलेला 'मी' उद्या कुणी कबुलीजबाब म्हणून वाचू शकतो. आणि हे फक्त तिकडचं नाही. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर त्याच्या 'पन्नास खोके'वाल्या मराठी रॅपसाठी अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, आणि त्याच सुमारास मुंबईच्या उमेश खाडेवरही. त्या दोघांना कुणी 'तुझा फ्लो (शब्द तालावर टाकायची ढब) कुठला' विचारलं नाही. शब्द तुझे ना, मग चल ठाण्यात. मला विचारशील तर खरेपणाची मोजपट्टी इथेच आहे. तुझ्या ओळीबद्दल कुणी येऊन जाब विचारला, मग तो पोलीस असो, शेजारी असो की तुझी आई, तर 'हो, मी म्हटलं, आणि का ते सांगतो' असं म्हणता येतं का?

आपल्याकडे गडबड २०१९ नंतर झाली. त्याआधी नेझी या रॅपरने कुर्ल्यात आयपॅडवर गाणं रेकॉर्ड केलं, त्याच आयपॅडवर व्हिडिओ काढला. डिवाइन अंधेरीच्या जेबी नगरचा, तो आपल्या गल्लीबद्दल बोलत होता कारण त्याच्यापाशी तेच होतं. 'गली बॉय' सिनेमा आला आणि गल्लीचा गणवेश झाला. जाहिरातवाल्यांना पत्र्याची भिंत, दोरीवरचे कपडे आणि हुडी घातलेला पोरगा हवा. मी पुण्यात रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. पूर्वी भावगीतं आणि जिंगल्स यायच्या, आता बहुतेक रॅप येतो. कोथरूडची पोरं व्हिडिओ शूट करायला भाड्याने वस्ती शोधतात, आणि वस्तीतली पोरं भाड्याने गाडी शोधतात. दोघांनाही वाटतं की आपलं आहे ते दाखवण्यासारखं नाही.

ऑटोट्यूनचं चटकन सांगतो, कारण त्यात वाद घालण्यासारखं फार नाही. १९९७ मध्ये बाजारात आलं. बनवणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधण्यासाठी जमिनीखालच्या लहरींचं गणित करायचा. पट्टी चुकली ती गुपचूप झाकायला वापरलंस तर ती डागडुजी झाली, प्रत्येक पॉप गाण्यात असते. उघडपणे आवाजाचा रंग म्हणून वापरलंस तर ते वाद्य झालं. ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन ऑटोट्यूनमध्ये बुडवून गातो आणि त्याला पुण्यात कुणी फेक म्हणून दाखवावं! शब्द, शिव्या, बोलण्याची ढब, सगळं त्याच गल्लीचं आहे, मशीनने त्यातलं काही पुसलेलं नाही.

पुसलं जातं ते दुसऱ्याच जागी. बूथमध्ये मी सगळ्यात आधी 'ळ' ऐकतो. मराठी पोरगा चहा पिताना 'वेळ' म्हणतो, माइकसमोर गेला की 'वेल' म्हणतो. कारण फ्लो दिल्लीवाल्या हिंदी रॅपमधून उचललेला असतो आणि त्या फ्लोमध्ये 'ळ'ला जागाच नसते. जीभ आपोआप वळते. मग 'च'चं तेच होतं, चमच्यातला आणि चहातला एकच होऊन बसतो. उलट अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरला ऐक, स्वदेशी क्रूमधला, नाव '१०० आरबीएच' असं लिहितो. वऱ्हाडी आली की हेल तिच्या मागोमाग येतो आणि बीटला, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या संगीताला, त्या हेलाशी जुळवून घ्यावं लागतं. माही जी म्हणजे मधुरा घाणे महादेव कोळी समाजातली, ती जंगलावर बोलते तेव्हा झाडांची यादी वाचल्यासारखं वाटत नाही.

एक पोरगा आला होता, तुझ्यासारखाच, वडील बँकेत. पहिल्या वहीत बंदुका. 'गल्लीत माझ्या गोळ्या सुटतात, रस्ते होतात लाल.' मी विचारलं, गल्ली कुठली? म्हणाला, कॉलनी आहे, गेटला वॉचमन असतो. टेकनंतर चहा घेताना सहज बोलला की लहानपणी किती गावं झाली ते आता आठवतही नाही, बाबांची बदली झाली की टेम्पो. मी म्हटलं, हे लिही. आठवडाभराने आला. त्याला विचारून चार ओळी देतो:

दर तीन वर्षांनी टेम्पो, खोक्यांवर बाबांचं अक्षर
'काच, जपून' आणि खाली नव्या घराचा नंबर
नवी शाळा, मागचा बाक, हजेरीत नाव चुकलेलं
बॅट माझी म्हणून टीममध्ये, एवढंच काय ते जमलेलं

दुसऱ्या जोडीतलं यमक ढिलं आहे, ते मी त्याला सांगितलंही. पण 'काच, जपून' ही त्याची. दुसरा कुणी ही ओळ म्हणू लागला तर पकडला जाईल, आणि याला कुणी फेक म्हणायला आलं तर हा खोकं काढून दाखवेल. गंमत म्हणजे या ओळी म्हणताना त्याचा 'ळ' परत आला, मी काहीही न सांगता.

हुक मित्र लिहितो, त्याचं. डॉ. ड्रे या अमेरिकन रॅपरचं 'स्टिल डी.आर.ई.' हे १९९९ चं, स्वतःच्या पुनरागमनाचं गाणं, शब्द जे-झी या दुसऱ्या रॅपरचे. सगळ्यांना माहीत आहे, श्रेयात नाव आहे, म्हणून कुणी ओरडत नाही. शिवाय ड्रेची ओळख बीट बनवणारा म्हणून आहे. ड्रेक या रॅपरवर २०१५ मध्ये मीक मिल या दुसऱ्या रॅपरने आरोप केला की हा दुसऱ्याकडून लिहून घेतो, मागोमाग क्वेंटिन मिलरने ड्रेकच्या गाण्यांसाठी म्हणून दाखवलेले नमुना-ट्रॅक रेडिओवर वाजले. ड्रेकचा धंदा बसला नाही. पण डाग राहिला, आणि २०२४ मध्ये केंड्रिक लमार या रॅपरशी भांडण पेटलं तेव्हा तोच विषय पुन्हा निघाला. फरक असा की ड्रेक आपण सर्वांत मोठा रॅपर असल्याचा दावा करतो, आणि त्या दाव्यात वही आपली असणं धरलेलं आहे.

आपल्या शाहिरांनी हे फार सोपं करून ठेवलं होतं. होनाजी लिहायचा, बाळा गायचा, आणि नाव 'होनाजी बाळा'. दोन माणसं, दोन कामं, नाममुद्रेत दोघंही. तुझ्या मित्राचं नाव शीर्षकात घालायला काय हरकत आहे? हुक तोच गात असेल तर आणखी बरं. कडवं मात्र तुझं तूच लिही. 'मी'ने सुरू होणारी ओळ दुसऱ्याकडून घेऊ नकोस.

एआयचं उत्तर त्यातच आलं, तरी दोन गोष्टी सांगतो. एप्रिल २०२३ मध्ये ड्रेक आणि द वीकेंड या गायकाच्या एआयने बनवलेल्या आवाजातलं गाणं कुणीतरी सोडलं, लाखोंनी ऐकलं, रेकॉर्ड कंपनीने उतरवायला लावलं. वर्षभराने ड्रेकनेच केंड्रिकला डिवचायला मेलेल्या टुपाक या रॅपरचा आवाज एआयने काढून वापरला. टुपाकच्या वारसांनी नोटीस पाठवल्यावर काढून टाकलं. आपला आवाज चोरला की चोरी, दुसऱ्याचा चोरला की गंमत. २०२५ मध्ये द व्हेल्वेट सनडाउन नावाच्या बँडला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांवर श्रोते मिळाले, आणि नंतर कळलं की बँड म्हणून माणसंच नाहीत. श्रोत्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. पार्श्वभूमीला वाजणारं संगीत यापुढे असंच होणार, त्यावर छाती बडवून उपयोग नाही. रॅप मात्र कुणी पार्श्वभूमीला लावत नाही, निदान तुझं लावू नये.

माझ्याकडे एआयची कडवी रोज येतात, ओळखायला दोन ओळी पुरतात. त्यात विशेषनाम नसतं. 'अंधाऱ्या वाटा', 'तुटलेली स्वप्नं', 'राखेतून उठलो', आणि प्रत्येक ओळ क्रियापदावर संपते, त्यामुळे यमक म्हणजे नुसतं 'झालो-आलो-गेलो'. दुकान नाही, बसथांबा नाही, कुणाच्या काकूचं नाव नाही. यमकाला शब्द सापडत नसेल तर विचार, तो यमककोश झाला. काय म्हणायचंय ते विचारलंस, तर जाब द्यायच्या वेळी काय सांगणार?

जाता जाता, हल्लीचा खरा खोटेपणा कुठे आहे ते सांगू? स्टेजवर. अर्धे रॅपर शोमध्ये स्वतःचंच पूर्ण रेकॉर्डिंग लावतात आणि अधूनमधून शेवटचा शब्द ओरडतात. श्वास पुरत नाही, कारण स्टुडिओत एकेक ओळ तुकड्यातुकड्याने पंच-इन केलेली असते, ती सलग म्हणायला माणसाला तिसरं फुफ्फुस लागेल. लिहितानाच श्वासाची जागा ठेव. गाणं टाकण्याआधी एकदा बीटशिवाय, सलग, उभं राहून म्हण. शोसाठी वेगळा ट्रॅक करून घे, त्यात फक्त हुक आणि ॲड-लिब्ज (मधूनमधून टाकलेल्या आरोळ्या) ठेव, कडव्याचा आवाज काढून टाक. दम लागला तर लागू दे, लोकांना चालतं.

आणि आता करायचं काम. गाणं डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ते स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, टाकताना गीतकार, संगीतकार, निर्माता असे रकाने असतात, ते पोरं 'सेम' म्हणून स्वतःच्या नावाने भरून टाकतात. तसं करू नकोस. बीट यूट्यूबवरून लीजवर घेतली असेल तर ज्याने बनवली त्याचं नाव घाल, लीजची पावती जपून ठेव, आणि किती स्ट्रीम्सपर्यंत परवानगी आहे ते वाच. मित्राचा हुक असेल तर गीतकार म्हणून दोघांची नावं आणि टक्केवारी रेकॉर्डिंगच्या आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, गाणं चाललं की स्मरणशक्ती बदलते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द लिहिणाऱ्याचा रॉयल्टीचा हक्क पक्का आहे, त्यासाठी दोघांनीही आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची सदस्यता घ्या. जुन्या चार गाण्यांचे रकानेही दुरुस्त करता येतात, डिस्ट्रिब्युटरला मेल टाकावा लागतो. या आठवड्यात तेवढं करून टाक.